तीन नारळांची स्पॅनिश

आमच्या स्तोत्रमंडळाला स्पॅनिश येते असं मी सांगितलं की लोक आधी माझ्याकडे नीट बघतात, मग बीपीची गोळी वेळेवर घेता ना, असं विचारतात. गोळी मी घेते. आणि स्पॅनिश आम्हाला येते, निदान तीन नारळांपुरती तरी येते. हे सगळं कसं झालं ते एकदा लिहून टाकलेलं बरं, कारण बंगळूरच्या बसवनगुडीत या प्रकरणाच्या निरनिराळ्या हकिगती फिरताहेत आणि त्यातल्या एकीत मी एका साहेबांना मारलं आहे. मी कोणालाही मारलेलं नाही.

आमचं मंडळ दर गुरुवारी संध्याकाळी सभागृहाच्या तळमजल्यावर जमतं. सभागृह आमच्यासारख्या जुन्या मराठी घरांचं आहे. आम्ही या गावात इतक्या पिढ्यांपासून आहोत की पुण्याहून कंपनीत आलेली मंडळी आमचं मराठी ऐकून गालातल्या गालात हसतात आणि नंतर त्याच मराठीत आमच्याकडून भाजीवाल्याशी भांडायचं कन्नड शिकून घेतात. मंडळाची चिटणीस मी. मल्लेश्वरमच्या एका शाळेत जन्मभर गणित शिकवलं, त्यामुळे माझा आवाज मोठा आहे आणि दुसऱ्या कोणाचा मोठा आवाज मला खपत नाही.

त्या गुरुवारी आमचं स्तोत्र अर्ध्यावर आलं होतं आणि वरच्या खोलीतून र्र्र्र्र असा आवाज सुरू झाला. मिक्सरमध्ये हळकुंड अडकल्यावर होतो तसा. थांबला, पुन्हा सुरू झाला. स्तोत्र मध्येच तोडायचं नसतं, म्हणून आम्ही दात आवळून ते पूर्ण केलं, आरती केली, प्रसाद वाटला आणि मग मी भांडायला वर गेले.

वर एक सडपातळ मुलगी उभी होती, असेल पंचविशी ओलांडलेली. मी कन्नडमध्ये सुरुवात केली. तिने हिंदीत माफी मागितली. मी इंग्रजीत नियम सांगितले. तिने इंग्रजीतच सांगितलं की ही खोली तिच्या संस्थेने रीतसर भाड्याने घेतली आहे. मग ती तोंड फिरवून स्वतःशीच म्हणाली, "आता काय करू बाप्पा," आणि मला कळलं की आपण दोघी मराठी बायका मघापासून परक्या तीन भाषांत वाया चाललो आहोत. मला इतका राग आला की मी खुर्ची ओढून बसले.

खोलीत खुर्च्या पुष्कळ होत्या, विद्यार्थी एकही नव्हता. टेबलावर पाण्याच्या बाटलीला टेकवून एक मोबाइल उभा केला होता आणि त्यातून हॉर्न ऐकू येत होते. तो विद्यार्थी होता. ती स्पॅनिश शिकवायची. वर्गाला नावं घातलेली सगळी मुलं बेळ्ळंदूरच्या कंपन्यांत कामाला होती. वर्ग सहाला सुरू व्हायचा. मुलं पाचला निघायची आणि वर्ग सुटल्यावर पोचायची. महिनाभर हे झाल्यावर एकेक जण गळाला. उरलेला एक मुलगा, पुण्याचा, कॅबमध्ये बसून फोनवरून वर्गाला हजर राहायचा. मी ऐकला तो आवाज म्हणजे ती त्या फोनला जीभ थरथरवून र म्हणायला शिकवत होती.

मुलगी नागपूरची. संस्थेने तिला तीन महिन्यांची मुदत दिली होती. तेवढ्यात दहा डोकी जमली नाहीत आणि त्यातली आठ तोंडी परीक्षेत पास झाली नाहीत, तर वर्ग बंद आणि तिची नोकरीही. वडिलांना तिचं इथे राहणं पहिल्यापासून पसंत नव्हतं. दर फोनला ते एकच विचारायचे, तुझं तिथे आहे कोण? नोकरी गेली की परत जायचं आणि मामाच्या दुकानात बसायचं, असं घरी ठरलेलं होतं. हे सगळं ती खडूने बोटं पांढरी करत सांगत होती. शेवटी म्हणाली, "मला नाही जायचं, काकू." एवढंच म्हणाली. रडली वगैरे नाही.

मला रडणाऱ्या माणसांचं काही वाटत नाही, ती रडून मोकळी होतात. न रडणाऱ्यांचा मला त्रास होतो. मी उठले आणि सांगितलं की पुढच्या गुरुवारी बारा बायका घेऊन येते, तू फक्त पंखा दुरुस्त करून ठेव. फी आम्ही सहलीच्या पैशातून भरली. सहल तशीही दरवर्षी त्याच देवळाला जाते आणि दरवर्षी त्याच दोघींना बस लागते.

मंडळाला पटवणं अवघड गेलं नाही. स्पॅनिश कुठे बोलतात, कशासाठी शिकायची, कोणी काही विचारलं नाही. मोठ्या अक्का, ज्यांचं वय आम्ही विचारायचं सोडून दिलं आहे, त्यांनी फक्त एवढं विचारलं, "म्हणायचं असतं ना ते?" मी म्हणाले, हो, म्हणायचं असतं. पुढे जे झालं त्याचं मूळ या 'हो'मध्ये आहे.

पहिल्या दिवशी उच्चार होते. मुलीने सांगितलं की स्पॅनिशमध्ये ह लिहितात पण म्हणत नाहीत. बायकांना हे ताबडतोब कळलं. आमच्या पिढीत नवऱ्याच्या नावाचं तसंच असतं, दारावरच्या पाटीवर लिहितात पण तोंडाने घेत नाहीत. दोन ल जोडून लिहिले तर य म्हणायचं, यावर मात्र कुरबुर झाली. आमच्या घरात मराठीतला ळ आणि कन्नडमधला ळ असे दोन्हीकडचे ळ नांदतात, आणि इथे दोन ल हाताशी असून एकाचाही ळ करायचा नाही म्हणजे उधळपट्टीच. पण र आला आणि वर्गाचा नूर पालटला. चाळीस वर्षं जोडाक्षरं घोळवलेल्या जिभा त्या. बारा जणींनी एकदम र थरथरवला तेव्हा खिडकीची काच वाजली. मुलगी खाली बसली. फोनमधला पुणेकर म्हणाला की त्याच्या ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली आहे, इंजिनात काही झालं असं वाटून.

मग आला हा-तो-पलीकडचा तो. मराठीत आपलं हा आणि तो यात भागतं. स्पॅनिश माणसाचं भागत नाही. माझ्याजवळचा तो एस्ते, तुझ्याजवळचा तो एसे आणि दोघांपासून लांबचा तो आकेल. मुलीने तीन पाण्याच्या बाटल्या घेतल्या, एक आपल्याजवळ ठेवली, एक आमच्याजवळ, एक खिडकीशी. बायकांना ते रुचलं नाही. उष्ट्या बाटल्यांकडे बोट दाखवून नवीन विद्येला सुरुवात कशी करायची? कोणीतरी खाली जाऊन पूजेच्या कपाटातून तीन नारळ आणले. नारळाला स्पॅनिशमध्ये कोको म्हणतात, हे ऐकून सगळ्यांना बरं वाटलं.

पण नारळ जमिनीवर ठेवत नाहीत. म्हणून तीन ताटल्या आल्या. ताटलीत नुसता नारळ गडगडतो म्हणून मूठ मूठ तांदूळ आले. तांदूळ आले म्हटल्यावर हळदकुंकू आलंच. शेंडी कोणत्या दिशेला, यावर पाव तास गेला. शेवटी तीन नारळ यथासांग बसले, तेव्हा कोणीतरी दाराबाहेर चपला काढल्या आणि मग सगळ्यांनीच काढल्या. पुढच्या गुरुवारी दारात रांगोळी होती. मुलगी चपला घालून आत आली, थबकली, आणि मागे जाऊन काढून आली.

आता नारळ बसवले म्हणजे ते उचलून इकडेतिकडे करता येत नाहीत. मुलीचा सगळा धडा नारळ हलवण्यावर होता. एकदा तिने धीर करून खिडकीजवळचा नारळ उचलला, आमच्या मांडीशी आणून ठेवला आणि विचारलं, आता हा कोण? बारा जणी एका सुरात म्हणाल्या, आकेल. तिने समजावलं की आता तो जवळ आला, आता तो एस्ते. मोठ्या अक्कांना तिची कीव आली. जागा बदलली म्हणून कोणी नाव बदलतं का? आकेल तो आकेलच. उलट त्याला जागेवर नेऊन बसवेपर्यंत त्यांनी पाणी घेतलं नाही.

तिथे मी लक्ष घातलं. मी जन्मभर पोरांकडून पाढे म्हणून घेतले आहेत, आणि माझा अनुभव असा की आधी तोंडात बसतं, डोक्यात नंतर उतरतं. मी एस्ते, एस्ता, एस्तोस, एस्तास यांची चाल बसवली. एसेची दुसरी ओळ, आकेल, आकेया यांची तिसरी. मग खुर्ची, टेबल, दार, खिडकी, जोडे, चांगला, वाईट, मोठा, लहान असे सगळे शब्द चरणाचरणांत घातले. टाळ मीच आणले. चूक झाली तर पहिल्यापासून. मध्ये बोलायचं नाही, पाय हलवायचा नाही. आमच्यातल्या एकीने शेवटी मराठीत फलश्रुती जोडली, की जो हे रोज शुचिर्भूत होऊन म्हणेल त्याला व्हिसा मिळेल आणि त्याच्या मुलांना तिकडचं पाणी बाधणार नाही.

मुलगी एकदा हळूच म्हणाली, "काकू, तुम्ही अर्थ समजून नाही घेऊन राहिल्या." मी तिला सांगितलं की अर्थाची घाई करू नये.  तिला दहा डोकी हवी होती आणि डोकी बारा होती. तक्रार कोणत्या तोंडाने करणार?

परीक्षेच्या दिवशी सकाळी तिचे वडील नागपूरहून आले. उंच, ताठ, कमी बोलणारे. ते तिला न्यायला आले आहेत हे तिने मला जिन्यात सांगितलं. वर्ग वाचला तर काय, असं मी विचारलं, तर म्हणाली की वर्ग वाचेल असं त्यांना वाटतच नाही. ते सगळ्यात मागच्या खुर्चीवर जाऊन बसले, आणि आम्ही दिलेली कॉफी त्यांनी नको म्हटली. नागपूरचा माणूस संध्याकाळी कॉफी पीत नसेल, असं म्हणून मी ते सोडून दिलं.

परीक्षा घेणारे साहेब बेळ्ळंदूरच्या मुख्य कचेरीतून आले, अर्थातच उशिरा. स्पॅनिश खुद्द स्पेनमध्ये शिकलेले, बोलणं मोजकं, हातात टॅब. ते रांगोळी ओलांडून बुटांसकट सतरंजीवर आले. बारा जणींनी एकदम श्वास आत घेतला. त्यांनी टेबलावरचं पुस्तक उचललं, पहिल्या रांगेतल्या आमच्या एका बाईंसमोर धरलं आणि स्पॅनिशमध्ये विचारलं, हे काय आहे?

बाईंनी हात जोडले, डोळे मिटले आणि पहिल्यापासून सुरू केलं. त्यांचा काही दोष नाही. पुस्तक चौथ्या चरणात आहे आणि चौथ्या चरणात थेट शिरायला वाट नाही. एकीने सुरू केल्यावर बाकीच्या गप्प राहूच शकत नाहीत. मीही टाळ उचलले. साहेब थांबा म्हणाले, आधी स्पॅनिशमध्ये, मग इंग्रजीत, मग कन्नडमध्ये. मी त्यांना हातानेच 'स्वल्प थांबा' अशी खूण केली. पुस्तक आलं आणि गेलं. फलश्रुतीला आम्ही सगळ्या उभ्या राहिलो, तेव्हा साहेबांनी नकळत टॅब छातीशी धरला होता आणि फोनमधून पुणेकरही चालीत म्हणत होता.

मग साहेबांनी नियम सांगितला. प्रत्येकीने एकटीने, स्वतःचं एक वाक्य बोलायचं, जे या पाठात नाही असं. एकच. ते एकेकीसमोर उभे राहिले. एकही तोंड उघडेना. आम्ही चाळीस वर्षांत एकटीने कधी काही म्हटलेलंच नव्हतं. एकीचा श्वास संपला की शेजारणीने उचलायचं, अशी आमची रीत. माझ्यासमोर ते आले तेव्हा माझ्या डोक्यात फक्त पहिला चरण होता. जन्मभर पोरांना उभं करून विचारणारी मी, आणि मी टाळांची दोरी बोटाला गुंडाळत बसले.

साहेब टेबलाकडे गेले. कन्नडमध्ये शांतपणे म्हणाले की हे पाठांतर आहे, ही भाषा नाही. ते खरं होतं, म्हणूनच मला फार लागलं. मग ते मुलीकडे वळून इंग्रजीत बोलू लागले. तिने संस्थेचा वेळ घालवला आणि वर या वयस्कर बायकांचं हसं केलं, असं म्हणाले. मुलगी मान खाली घालून ऐकत होती. एकदाही म्हणाली नाही की ही सगळी करणी त्या काकूंची आहे. मागे तिचे वडील उठून उभे राहिले. काम संपल्यावर माणूस उठतो तसे.

माझं डोकं फिरलं. मी उभी राहिले, मुलीचा दंड धरला आणि म्हणाले, "एस्ता एस मि प्रोफेसोरा." ही माझी शिक्षिका आहे. मग हात लांब करून दाराकडे बोट दाखवलं. "आकेया एस ला पुएर्ता." ते तिकडे दार आहे.

 साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे, मग दोघांमधलं अंतर डोळ्यांनी मोजलं. आणि त्यांनी टॅबवर खूण केली. "बरोबर आहे," म्हणाले. माणूस नेमका होता, हे मान्य केलं पाहिजे.

तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या त्या बाई उठल्या. इतका वेळ ज्या गोष्टीने त्यांचा जीव कासावीस झाला होता तिकडे बोट करून म्हणाल्या, "एसोस सापातोस, नो." ते तुमचे जोडे, नाही. साहेबांनी खाली पाहिलं, जोडे त्यांच्याच पायात असल्याची खात्री केली आणि दुसरी खूण केली. तिसरीने त्यांना थेट वाईट माणूस म्हटलं, पण आकेल सेन्योर म्हटलं, आणि मुलगी डोळे पुसत मध्येच बोलली की ते तुमच्या जवळ आहेत ना काकू, एस्ते म्हणा. तिसरीने एक पाऊल पुढे होऊन एस्ते म्हटलं. खूण झाली. चौथीने पंख्याला शिव्या दिल्या, बहुधा भीतीने. मग टेबलावरून, आम्ही विसरूनच गेलेल्या फोनमधून, खूप थकलेला आवाज आला, "एस्ते त्राफिको एस मालो." ही वाहतूक वाईट आहे. साहेब त्याच रस्त्याने आले होते. खूण करताना त्यांनी मान हलवली.

मोठ्या अक्कांना उठायला वेळ लागतो. त्या पुरत्या उभ्या राहिल्या, खिडकीकडे हात केला, मग साहेबांकडे. "आकेल कोको एस बुएनो," त्या म्हणाल्या. "एस्ते सेन्योर, नो." तो नारळ चांगला आहे, हा माणूस नाही. आकेल हे त्या नारळाचं नाव आहे असंच त्यांना अजून वाटत होतं, की मधल्या मध्ये अर्थ उतरला होता, हे मी त्यांना आजही विचारलेलं नाही.

यानंतर कोणाला थांबवणं शक्य नव्हतं. एकीला बोलू न देता दुसरी उठत होती. खुर्ची, टॅब, साहेबांचा शर्ट, सगळ्यांचा उद्धार झाला. साहेब मध्ये उभे राहून शिव्या खात होते आणि प्रत्येक शिवीचं लिंगवचन तपासून खुणा करत होते. मुलगी रडत होती आणि उच्चार सुधारत होती. आठचा आकडा केव्हाच मागे पडला. संपल्यावर साहेबांनी टॅब बंद केला, बाहेर जाऊन बूट काढून आले आणि म्हणाले की वर्ग चालू राहील, पण टाळ नकोत. मी 'सरी', म्हणजे बरं, म्हणाले. मी पाळणार नव्हते, आणि तेही त्यांना दिसलं असावं.

परीक्षा असली तरी गुरुवार होता, त्यामुळे मूगडाळीची कोसंबरी होतीच. मुलगी द्रोण वाटत वडिलांपर्यंत गेली. ते अजून उभेच होते. त्यांनी द्रोण हातात घेतला नाही. ते आम्हा सगळ्यांकडे बघत होते, एकेकीकडे, जसं काही मोजत होते. मग खिशातून फोन काढला आणि माझ्यासमोर धरला.

"दोन तिकिटं काढली होती जी, उद्याची," ते म्हणाले. "शेजारच्या पोराकडून काढून घेतली. त्यातलं एक रद्द कसं करतेत, समजते का तुम्हाला?"

मला समजत नव्हतं. मी फोन मुलीकडे दिला आणि तिच्या हातातला द्रोण घेतला. तिने ओढणीला हात पुसले, फोन उघडला, दोन नावं एकाखाली एक आली. 

"बाबा, कोणतं करू?"

"तुझं," ते म्हणाले, आणि माझ्या हातातला द्रोण घेऊन कोसंबरी खायला बसले.